सदतीस टक्के

ऑफिसात तिला सगळे ‘हवामान खातं’ म्हणायचे. पाठीमागे नाही, अगदी तोंडावर. सकाळी जिन्यात भेटणारा पहिला माणूस विचारायचा, “काय हवामान खातं, आज कुठे पाऊस पाडताय?” आणि ती पर्स खुर्चीला अडकवत म्हणायची, “साहेब जिथे ढग आणून ठेवतील तिथे.” रोजचा तोच प्रवेश, रोजची तीच वाक्यं, आणि तरी रोज हशा. मुरलेल्या नाटकाचं असंच असतं.

काम म्हणाल तर भविष्य सांगायचं. हात बघून नव्हे, आकडे बघून. ज्यांच्या गाठीला पैसा आहे पण तो कुठे लावावा हे ज्यांना उमगत नाही, अशा लोकांसाठी ही कंपनी दरवर्षी एक जाडजूड अहवाल काढायची. इंटरनेटवरच्या धंद्यांपैकी येत्या काळात सगळ्यांत वेगाने कोणता वाढेल? घरपोच सामान, औषधं, खेळ, मोबाईलवरून पैसे देणं, शिकवण्या. प्रत्येक नावापुढे एक चौकोन आणि चौकोनात टक्के. अहवाल वाचून दाखवायचा समारंभ मोठ्या हॉटेलच्या हॉलमध्ये व्हायचा. साहेब नवा कोट घालून उजेडात उभे राहायचे आणि ही मागे अंधारात लॅपटॉपवर पानं सरकवत बसायची. साहेब अडखळले की ती पुढचं पान क्षणभर आधीच दाखवायची, म्हणजे त्यांना शब्द सापडायचा. विंगेतला प्रॉम्प्टर दुसरं काय करतो? टाळ्या त्याच्या नसतात, पण तो झोपला तर त्या पडतही नाहीत.

ती इथे आली होती टायपिस्ट म्हणून. वडील गेलेले, आई अंथरुणाला खिळलेली, आणि धाकटा भाऊ अजून शाळेत. कॉलेज अर्धं सोडून ती कामाला लागली. टाईप करता करता तक्ते करायला शिकली, तक्ते करता करता त्यांतले आकडे ठरवायलाही लागली. कसं आणि कधी, हे तिलाही सांगता आलं नसतं. आकड्यांचं तिला मुळीच प्रेम नव्हतं. तिला प्रेम धाकट्याचं, आणि धाकट्याला आकड्यांचं.

मोठा झाल्यावर तो गणित शिकवायला लागला. सायकलच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर एक लांबट हॉल भाड्याने घेतला होता. बंद पडलेल्या शाळेचे बाक आणून, घासूनपुसून मांडले होते. एका बाजूच्या खिडक्यांतून खालच्या पंपाचा फुस्स-फुस्स आवाज यायचा, तेव्हा धाकटा फळ्याकडे तोंड करून म्हणायचा, “बघा, सायकलींनाही हे गणित ऐकून दम लागला.” पोरं खो-खो हसायची, आणि त्या हसण्याच्या पाठोपाठ तो अवघड पायरी हळूच सरकवून द्यायचा. ती शनिवारी मुद्दाम वाट वाकडी करून तिथे जायची आणि शेवटच्या बाकावर बसायची. गणित कळायचं नाही. तिला बघायचं असायचं ते पोरांच्या चेहऱ्यावर एकदम काहीतरी उजळतं ते. असा क्षण रंगमंचावर वर्षातून एखादा मिळाला तरी नट धन्य होतो. याला तो दर तासाला मिळायचा. हातभर खडूची पूड, बाहीला पांढरे डाग, आणि घसा बसलेला. “लोक अंगाला अत्तर लावतात,” त्याची बायको म्हणायची, “हे खडू लावतात.”

आता त्या सदतीस टक्क्यांकडे येऊ.

अहवालांच्या धंद्यात आकडा काढायची एक रीत होती. आणखी पाच-सहा कंपन्या असेच अहवाल काढायच्या. त्यांनी काय म्हटलंय ते गोळा करायचं, मधला आकडा धरायचा, आणि आपला थोडा इकडे किंवा तिकडे ठेवायचा. फार लांब नाही. लांब गेलात आणि चुकलात तर एकटे चुकता. सगळ्यांबरोबर चुकलात तर चूक कोणाचीच नसते. याला ते ‘सर्वसाधारण मत’ म्हणत, आणि हा शब्द उच्चारताना साहेबांचा आवाज देवळात आल्यासारखा खाली यायचा.

पण ज्या वर्षी ऑनलाइन शिकवण्यांची ओळ पहिल्यांदा तक्त्यात आली, त्या वर्षी त्याबद्दल कोणीच काही बोललं नव्हतं. गोळा करायला काही नाही, मधला धरायला काही नाही. छापखान्याचा माणूस दारात उभा होता. साहेब केबिनमधून ओरडले, “बाई, चौकोन रिकामा दिसता कामा नये! रिकामा चौकोन म्हणजे आपल्याला माहीत नाही असं होतं!”

“पण साहेब, माहीत नाहीच आहे.”

“म्हणून तर दिसता कामा नये!”

तिने कीबोर्डवर बोटं ठेवली. शिकवण्या म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे दुसरं काय येणार? लांबट हॉल, पांढऱ्या बाह्या. ताटात वाढताना आपल्या माणसाकडे हात जरा सैल सुटतो ना, तसा तिचा सुटला. आधी पस्तीस लिहिलं. पस्तीस गोल वाटलं, उगाच ठोकून दिल्यासारखं. पस्तीस म्हणजे अंदाज, सदतीस म्हणजे अभ्यास. एवढं ती त्या खुर्चीत शिकली होती. सदतीस लिहिलं. घरपोच सामानापेक्षा जास्त, औषधांपेक्षा जास्त. तक्त्यात सगळ्यांत वर. छापखान्याचा माणूस निघून गेला, आणि ती चहा प्यायला उठली.

संध्याकाळी तिने धाकट्याला सांगितलं, “तुझा विषय यंदा पहिला आला.”

“किती?”

“सदतीस टक्के.”

“सदतीस? माझ्या क्लासात एवढ्या मार्कांवर मी पालकांना बोलावून घेतो!”

दोघं पोट धरून हसली. त्या हसण्यात ती दुपार विरघळून गेली. तिला पुन्हा आठवलीही नाही.

पुढच्या वर्षी आकडे गोळा करताना तिला दिसलं की शिकवण्यांबद्दल आता सगळेच बोलतायत. एकाचं म्हणणं छत्तीस, एकाचं अडतीस, एकाने तर चाळीसला हात लावलेला. तिला बरं वाटलं, म्हणजे आपला नेम बरोबर लागला होता. तिने मधला धरला, थोडा वर ठेवला. त्याच्या पुढच्या वर्षी बाकीचे तिच्याही वर गेले. वर्तमानपत्रांत मथळे आले. समारंभात साहेब त्या पानावर मुद्दाम थांबायला लागले, आणि खुर्च्यांतून हलकीशी सळसळ जायची. ती अंधारात बसून ती सळसळ ऐकायची. खोटं कशाला बोला, तिलाही गोड वाटायचं.

मग एक दिवस धाकटा चेहरा फुलवून घरी आला. शिकवण्यांच्या एका मोठ्या कंपनीचे लोक त्याच्या क्लासात येऊन गेले होते. गावोगावच्या नावाजलेल्या शिक्षकांना ते गाठत होते. क्लास बंद करा, मुलं आमच्याकडे द्या, धडे आमच्या कॅमेऱ्यासमोर शिकवा. मोबदला म्हणून पगार थोडा, पण कंपनीचे शेअर्स भरपूर. अट एकच होती, की स्वतःचा क्लास पुन्हा काढायचा नाही. हॉल सोडायचा, बाक विकायचे.

“आणि त्यांनी मला काय दाखवलं माहितीये?” तो म्हणाला. “तुमचा अहवाल! मी म्हटलं, अहो, हा माझ्या बहिणीने केलाय. तर उठून हात मिळवला त्यांनी माझ्याशी.”

सही पुढच्या सोमवारी होती.

त्याच आठवड्यात तिला एक फोन आला. कंपनीचे जुने गिऱ्हाईक, वयाने म्हातारे, स्वभावाने तिरसट. कापडाच्या धंद्यात केस पांढरे झालेले. ते म्हणाले, “बाई, तुमचा शिकवण्यांचा आकडा बघितला. बाकीच्यांचाही बघितला. सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. मला आकडा नकोय, तो पहिल्यांदा ज्याने मोजला तो माणूस हवाय. त्याने काय मोजलं? मुलं मोजली, मोबाईल मोजले, का भरलेल्या फिया मोजल्या?”

“शोधून सांगते,” ती म्हणाली, आणि खरोखरच शोधायला बसली. आजवर हे कोणी विचारलं नव्हतं, आणि तिलाही कधी सुचलं नव्हतं.

एका अहवालात खाली बारीक अक्षरांत दुसऱ्याचं नाव होतं. दुसऱ्यात तिसऱ्याचं. तिसऱ्याने एका वर्तमानपत्राचा हवाला दिलेला, आणि वर्तमानपत्राने ‘या क्षेत्रातील एका आघाडीच्या संस्थेच्या तक्त्यानुसार’ असं म्हटलेलं. तिने तो तक्ता उघडला. रंग ओळखीचा होता. चौकटीची जाड रेघ ओळखीची होती, कारण ती तिनेच ओढली होती. सगळ्यांत वर, सदतीस.

छापखान्याचा माणूस तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. पांढऱ्या बाह्या उभ्या राहिल्या. इतकी वर्षं जे पाच-सहा आवाज तिला साक्ष देत होते, ते सगळे तिचेच होते. ती विंगेतून कुजबुजली होती आणि तेच वाक्य समोरच्या सगळ्या नटांच्या तोंडून तिला ऐकू आलं होतं, आणि तिने टाळ्या वाजवल्या होत्या.

ती केबिनमध्ये गेली.

“साहेब, शिकवण्यांचा आकडा आपलाच आहे. फिरून परत आलाय. कोणीच काही मोजलेलं नाही. तो चौकोन मी भरला होता, रिकामा होता म्हणून.”

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. वाईट माणूस नव्हता तो. आईच्या आजारपणात न मागता रजा देणारा होता. नाक चोळत ते म्हणाले, “बाई, बाकीच्या चौकोनांत आपण काय भरतो असं तुम्हाला वाटतं?”

तिने टेबलावरचा अहवाल उचलला आणि शिकवण्यांचं पान उघडून त्यांच्यापुढे धरलं.

“निदान चुकीची दुरुस्ती छापू या,” ती म्हणाली.

“छापू. मग बाकीचे विचारतील, तुमचा चुकला तर आमचा कसा जुळला? आणि त्याचं उत्तर तुम्ही देणार का मी?” त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. “पुढच्या वेळी दोन टक्के कमी करू. हळूच. कोणाच्या लक्षात येणार नाही असे.”

पुढच्या वेळी! सही सोमवारी होती. त्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला तिने साहेबांना न विचारता फोन केला. “मोजणारा कोणी नाही,” एवढंच सांगितलं. ते म्हणाले, “वाटलंच होतं. उपकार झाले.” त्यांना ते लगेच पटलं, कारण त्यांचा तिच्यावर आधीपासूनच विश्वास नव्हता. हेच धाकट्याला सांगायचं होतं, आणि त्याचा तर तिच्यावर जन्मभराचा विश्वास होता.

शनिवारी ती क्लासात गेली. मुलं गेली होती. धाकटा फळा पुसत होता आणि भावजय बाकांवर खडूने आकडे टाकत होती, कारण बाक विकत घेणारा दुसऱ्या दिवशी बघायला येणार होता.

“बस ताई. आज शेवटचा बाक तुझा, उद्या दुसऱ्याचा.”

“सही करू नकोस,” ती उभ्यानेच म्हणाली.

“काय झालं?”

तिने सगळं सांगितलं. चौकोन, छापखान्याचा माणूस, बारीक अक्षरं. धाकट्याने फडकं खाली ठेवलं, शांतपणे ऐकून घेतलं, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

“ताई, तू पहिल्यापासून अशीच. परीक्षेचा पेपर सोपा गेला की घरी येऊन रडायचीस, नापास होणार म्हणून. आणि मग पहिली यायचीस.”

“अरे, हे तसं नाही.”

“तसंच आहे. हे बघ.” त्याने मोबाईल पुढे केला. “हा एक अहवाल. हा दुसरा. हा परदेशातला. ही चार-पाच माणसं काय खोटं बोलतायत?”

“चार-पाच नाहीत रे. मी एकटीच आहे.”

“मग माझी बहीण एकटीच पाच जणांना भारी आहे! मला आधीच माहीत होतं.”

“थट्टा करू नकोस!” तिने बाकावर हात आपटला. खडूचा आकडा पुसला गेला.

भावजय पुढे आली. तिने हातातला खडू ठेवला. “वन्सं, एक विचारू?” ‘वन्सं’ ती एरवी थट्टेतच म्हणायची, आज थट्टा नव्हती. “मग खरा आकडा किती आहे?”

“माहीत नाही.”

“म्हणजे कमी आहे?”

“तेही माहीत नाही.”

“मग सदतीस चुकीचा आहे, हे तरी कशावरून?”

तिचं सगळं आयुष्य उत्तर तयार ठेवण्यात गेलेलं. आणि नेमका हा प्रवेश तिच्या तालमीत कधी झालाच नव्हता. आकडा चुकीचा आहे असं तिला म्हणता येईना. तो कोणाचाच नाही एवढंच तिला ठाऊक होतं, आणि एवढ्याशा वाक्यावर कोणी आपलं नशीब थांबवत नाही.

“मी दमलोय ताई,” धाकटा हळू आवाजात म्हणाला. आता तो हसत नव्हता. “घसा बघ माझा. अजून किती वर्षं ओरडू? एकदा धडा कॅमेऱ्यासमोर सांगितला की सांगितला. तुला माझं बरं व्हावंसं वाटत नाही का?”

तेवढं एकच तर तिला वाटत आलं होतं, आणि त्याचेच तर सदतीस झाले होते.

सोमवारी सही झाली.

पहिलं वर्ष चांगलं गेलं, हे सांगायला हवं. धाकट्याचे धडे हजारो मुलं बघायची. तिने तर मनातल्या मनात हात जोडले. आपण चुकलो असू, चुकीच्या वाटेने का होईना गाडी ठिकाणावर गेली असेल, असं तिला वाटायला लागलं. पण धाकटा बदलला होता. काळ्या पडद्यापुढे, कोणी नसलेल्या खोलीत तो विनोद करायचा आणि हशासाठी थांबायचा. हशा यायचा नाही. कॅमेरेवाला म्हणायचा, “सर, मधला गॅप कापतो.” ज्याने एकदा भरलेलं सभागृह पाहिलंय, त्यालाच कळेल हे काय असतं ते.

मग मुलं कंटाळली. पालकांनी पैसे भरणं थांबवलं. कंपनीने आधी शिक्षक कमी केले, मग धडे कमी केले, आणि एका सकाळी त्यांचं ॲप उघडलंच नाही. शेअर्सचं कोणी काही विचारेनासं झालं. सायकलच्या दुकानावरच्या हॉलमध्ये तोवर घरपोच सामानवाल्यांच्या खोक्यांची थप्पी लागली होती. खिडक्यासुद्धा झाकून गेल्या होत्या.

धाकटा आता घरोघर जाऊन शिकवतो. पूर्वी जे एकदा सांगून भागायचं, ते आता एकेकाला वेगळं सांगतो, म्हणून घसा पूर्वीपेक्षा जास्त बसतो. विनोद करत नाही. एका मुलासमोर काय विनोद करायचा?

त्यानंतर कितीतरी दिवस तिने त्याच्याकडे जायचं टाळलं. एका रविवारी तोच फोन करून म्हणाला, “अगं, घर विसरलीस की काय?” तेव्हा गेली. खोली लहान होती. तो पलंगावर बसलेला, गळ्याला मफलर. चहा झाला. तिने कपबशा विसळायला घेतल्या, तर त्याने हात धरून खाली बसवलं.

“ताई, तू स्वतःला खातेस, ते मला दिसतं,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. “एक सांगू? एकट्या तुझ्या शब्दावर गेलो असतो ना, तर कदाचित तुझा राग आला असता. पण पाच ठिकाणच्या पाच शहाण्यांनी, वेगवेगळं मोजून, तेच सांगितलं होतं. सगळं जग चुकलं. तिथे तू काय करणार होतीस? तुझा काही दोष नाही.”

अगदी जिभेच्या टोकावर आलं तिच्या. ‘अरे, पाच नव्हते. मी तुला सांगितलं होतं.’ पण तो मनापासून बोलत होता. तिला माफ करताना त्याचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा झाला होता, जणू देण्यासारखं काहीतरी अजून त्याच्यापाशी उरलं होतं.

“हो रे,” ती म्हणाली. “सगळेच चुकले.”

निघताना भावजय जिन्यापर्यंत पोचवायला आली. दार ओढून घेतलं, आणि कठड्याला टेकून म्हणाली, “ताई, तुम्ही त्या दिवशी सांगितलं होतं.”

“तुला आठवतं?”

“मला नाही तर कोणाला आठवणार? चुकीचा कशावरून, असं मीच विचारलं होतं.” ती हातातल्या टॉवेलचं टोक पिळत होती. “त्यांना नाही आठवत. खरंच नाही आठवत. तुम्ही आठवण करून देऊ नका. सगळे चुकले, एवढ्यावरच ते सकाळी उठतात.”

“नाही देणार.”

“माझ्यावर राग नाही ना?”

“वेडी आहेस का,” ती म्हणाली, आणि तिच्या गालावरून हात फिरवून जिना उतरायला लागली. वरून धाकट्याचा आवाज आला, बसलेला, तरी शेवटच्या बाकापर्यंत पोचवायची सवय असलेला: “ताई, पोचलीस की फोन कर गं!”

घरी येऊन, चपला पायातच ठेवून, खुर्चीच्या कडेवर बसून तिने फोन लावला.

“पोचले.”

“बरं झालं. उद्या ऑफिस असेल ना? नव्या अहवालाचे दिवस तुमचे.” तो खोकला. त्याला विषय काढायचा नव्हता, नुसतं बोलत राहायचं होतं. “यंदा काय म्हणतंय हवामान खातं? काय वाढणार?”

ती चपला काढायला वाकली.

“अजून ठरायचंय,” ती म्हणाली.

“ठरलं की सांग. आपल्याला काय करायचंय म्हणा, पण तुझ्याकडून कळलं की बरं वाटतं.”

“सांगते,” ती म्हणाली.